बाग दुपारी बंद असते

आई, आपली बाग आता दुपारी बंद असते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला थांबायला नको. सकाळी चालायला येणाऱ्यांसाठी ती उघडते, उन्हं वर आली की गेटाला कुलूप लागतं, ते चार वाजता निघतं. गेटावर हिरवी पाटी आहे, मराठीत आणि इंग्रजीत. आत खाऊ नये, चेंडू खेळू नये, हिरवळीवर बसू नये, बाकावर झोपू नये. तू त्या पाटीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली असतीस आणि मी सगळं वाचून दाखवल्यावर म्हणाली असतीस, "मगे हंय येवन करूचा काय?" मी त्या पाटीपुढे इतक्यांदा उभी राहिलेय की मला ती पाठ झालीय. आत ते बदामाचं झाड आहे अजून. गेटातून दिसतं. त्याच्या बुंध्याभोवती आता गोल कट्टा बांधलाय आणि कट्ट्यावर कुणी बसू नये म्हणून कुंड्या ठेवल्यात.

मला बाग म्हटली की फुलं आठवत नाहीत, अण्णांची रातपाळी आठवते. सकाळी अण्णा गिरणीतून यायचे, कानातली रुई झटकायचे, मोरीत अंघोळ करायचे, भात खाऊन डोक्यावरून चादर घ्यायचे. एवढीशी खोली. त्यात तू, मी, ताई, स्टोव्ह, पिंप, आणि मधोमध झोपलेला माणूस. खिडकीला तू तुझी जुनी साडी अडकवायचीस. कुकर लावायची वेळ अण्णा यायच्या आधीची, कारण शिट्टी चालायची नाही. भांडी घासायची तीही बाहेर, कॉमन नळावर. आणि दुपार झाली की तू ओठांवर बोट ठेवून पुटपुटायचीस, "बापूस निजलो हा. चला भायर." ताई काखेत चटई मारायची, मी पाण्याची बाटली घ्यायची, तू सूप आणि निवडायचे तांदूळ. जिन्यात आपल्यासारख्याच बाकीच्या बाया भेटायच्या, ज्यांची ज्यांची माणसं रातपाळीची त्या सगळ्या. चाळीतून एवढ्या बायका-पोरं निघायची आणि पायऱ्यांवर पाऊल वाजायचं नाही. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, चाळीत काहीतरी वाईट घडलंय.

ती बाग म्हणजे आपली दुसरी खोलीच होती. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्याकडे किती खोल्या? तेव्हा मला मनापासून 'दोन' म्हणावंसं वाटायचं. बदामाखाली चटया पडायच्या, सावली सरकेल तशा त्या सरकायच्या. लसूण सोलला जायचा, उवा काढल्या जायच्या, सासवांची यथेच्छ निंदा व्हायची. पडलेले लाल बदाम आम्ही खायचो आणि फ्रॉकवर डाग पाडून मार खायचो. आणि एवढ्या बडबडीत तू झोपायचीस. पदर तोंडावर, हात डोक्याखाली. तुझ्या पदराचं टोक तू माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायचीस, म्हणजे मी पळाले की तुला जाग यावी. मला त्या गाठीचा फार राग यायचा. सगळी पोरं हुंदडतायत आणि मी खुंटीला बांधल्यागत. आज कळतं, घरात तुला आडवं व्हायला जागा नव्हती. दिवसभरात तुझी पाठ टेकायची ती तिथेच.

एक दिवस माळी आला होता, आठवतं? बरा माणूस होता, घाटावरचा. म्हणाला, "बायांनो, आज उठा. साहेब यायचेत बघाया." बाकीच्या बाया चटया गुंडाळायला लागल्या. तू नुसतीच बसून राहिलीस. तू म्हणालीस, "साहेब येतले नि जातले. माझो घोव रात्रभर उभो रवलो हा, तो आता निजलो हा. आमी जावचा खंय, ता तू सांग." माळ्याला तुझी भाषा अर्धीच कळली असेल. पण तो म्हणाला, "बरं, त्या कोपऱ्यात सरका. पोरांना गप करा." पोरं गप्प करण्यात तर आपला हातखंडा. साहेब आले, लांबून बघून गेले. त्या दिवसापासून माळी आपल्या बाजूला पाणी सोडायचा ते आपण उठून गेल्यावर. नियम तेव्हाही होते गं, नव्हते असं नाही. पण समोर माणूस होता. त्याला विचारता येत होतं, आम्ही जायचं कुठे.

मग संप झाला आणि अण्णांची रातपाळी गेली ती गेलीच. अण्णा दिवसा झोपेनासे झाले, रात्रीही झोपेनासे झाले. नुसते खाटेवर बसून भिंत बघायचे. तरी तू दुपारी चटई घेऊन निघायचीस. मी कॉलेजात होते, शिष्टपणे विचारलं होतं, "आता कशाला जातेस?" तू म्हणालीस, "सवय." तेवढंच. तू गेल्यावर काही वर्षांनी अण्णाही गेले, मग चाळ गेली. तिच्या जागी आम्हाला बिल्डिंग मिळाली. बरी आहे, लिफ्ट आहे, आत संडास आहे. तू असतीस तर त्या संडासाला पहिले आठ दिवस हळदकुंकू वाहिलं असतंस. आमच्यामागे त्याच जागेत दुसरा उंच टॉवर आहे, विकत घेणाऱ्यांचा. त्यांना मधल्या मजल्यावर मोठी बाग आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसते. त्यांचं गेट वेगळं, आमचं गेट वेगळं.

आता मुख्य सांगते. आपल्या घरात रातपाळी परत आलीय. ताईच्या लेकीची. तुझ्या नातीची गं, तू तिला फक्त पाळण्यात पाहिलंस. तिचं ऑफिस परळातच आहे, अण्णांच्या गिरणीच्या आवारात. गिरणी पाडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात आणि तिकडे रात्रभर अमेरिकेतल्या लोकांचे फोन घेतात. संध्याकाळी अण्णा ज्या रस्त्याने जायचे त्याच रस्त्याने ती जाते. सकाळी येते, अंघोळ करते, चार घास खाते आणि डोक्यावरून चादर घेऊन झोपते. अगदी अण्णांसारखी. त्यात कौतुक वाटावं की रडू यावं, मला ठरवता येत नाही. घर तिच्या पगारावर चालतं. मी रिटायर झालेय, माझ्या पेन्शनमध्ये ताईची औषधं आणि दूध भागतं.

आणि ताई. आई, आपली ताई विसरायला लागलीय. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. नवरा गेलाय हे ती विसरली. अख्खा जन्म बालवाडीत पोरांना शुद्ध बोलायला शिकवलं, 'हाय' नाही 'आहे' म्हणायचं म्हणून पट्टी आपटली, ती ताई आता तुझ्यासारखी मालवणी बोलते. डॉक्टर म्हणतात, शेवटी आलेलं आधी जातं आणि लहानपणचं राहतं. लहानपणचं काय राहिलंय ते मात्र डॉक्टरांना ठाऊक नाही. दुपार झाली की ती आतल्या खोलीत डोकावते. तिथे कुणीतरी डोक्यावरून चादर घेऊन झोपलेलं असतं. तिची ती लेक आहे हे तिला कळत नाही. ती ओठांवर बोट ठेवते, चवड्यांवर चालत माझ्याकडे येते आणि म्हणते, "बापूस निजलो हा. चल भायर."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं पातेलं सुटलं. त्या आवाजाने ताई अशी काही संतापली! मला गप्प करायला लागली. बालवाडीची बाई ती, तिच्या एका 'श्श'ने पूर्वी चार वर्ग शांत व्हायचे. ती श्श श्श करत घरभर फिरायला लागली आणि त्या आवाजाने पोर उठली. ही आमची रोजची गत आहे बघ. बापसाची झोपमोड होऊ नये म्हणून ताई इतका गोंधळ घालते की लेकीची झोपमोड होते. तिला बाहेर नेलं तरच ती शांत होते. कपाटामागून चटई काढते, काखेत मारते आणि दाराशी उभी राहते. साठी ओलांडलेली बाई, केस पांढरेशुभ्र, आणि चेहरा शाळेत निघालेल्या पोरीचा.

तर आम्ही निघालो, दोघी. कुठे जायचं हे तिला सांगावं लागलं नाही, पायांनीच रस्ता धरला. आणि गेटाला कुलूप. खरं सांगते, बाग दुपारी बंद असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. इतकी वर्षं नोकरी केली, मला दुपार अशी नव्हतीच. ताईने कुलूप हातात घेऊन पाहिलं, मग गजांतून आत बघितलं आणि म्हणाली, "आये आत आसा. माका दिसता." मीही बघितलं गं. वेडी आहे मी. बदामाखाली कुंड्या होत्या.

वॉचमन आला. उत्तरेकडचा, आमच्या वयाच्या बायांशी अदबीने बोलणारा. "माताजी, चार बजे खुलेगा." मी त्याला सांगितलं, ही आजारी आहे, थोडा वेळ सावलीत बसू दे, आम्ही कुणाला त्रास देणार नाही. तो म्हणाला, "मैडम, मेरे को सब समझता है," आणि बोटाने वर दाखवलं. खांबावर कॅमेरा होता. तरी त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची गेटाबाहेर, भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात आणून ठेवली. ताई खुर्चीवर बसली, मी फुटपाथवर चटईवर. चार-पाच दिवस तसं चाललं. बाजूने टेम्पो जायचे, धूर यायचा, पण ताई गजांतून झाडाकडे बघत शांत बसायची. मग एक दिवस खुर्ची नव्हती. बागेसमोरच्या टॉवरमधून कुणीतरी आमचा फोटो काढून तिथल्या ग्रुपवर टाकला होता, गेटासमोर लोक बसायला लागलेत म्हणून. वॉचमनला बोलणी बसली. "सॉरी मैडम," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. त्याला तरी काय बोलणार? त्याचीही बायको गावी कुणाच्या तरी झाडाखाली बसत असेल.

बागेची देखभाल आता त्याच टॉवरमधली मंडळी बघतात. मी त्यांच्या कमिटीच्या बाईंना भेटायला गेले. चांगली साडी नेसून गेले, चप्पलसुद्धा बदलली, आणि जाताना स्वतःचाच राग आला की बागेत बसायला मिळावं म्हणून मी साडी नेसतेय. बाई वाईट नव्हत्या, हेच तर अवघड आहे. आपल्यातल्याच, मराठी, चाळिशीच्या. मला पाणी दिलं, ताईच्या आजाराबद्दल नीट विचारलं. "काकू, मला अगदी पटतं तुमचं," त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनापण असंच होतं. पण दुपारी उघडी ठेवली ना, की डिलिव्हरीवाले येऊन झोपतात. कामवाल्या बाया डबे खातात, बाकांवर सांडतात. गर्दुल्ले येतात. मग आमच्या लेडीज म्हणतात, अनसेफ वाटतं." मी म्हटलं, डबा खाणारी बाई कुणाला काय करते? त्या हसल्या. म्हणाल्या, "तसं नाही हो. पण एकाला सोडलं तर सगळ्यांनाच सोडावं लागेल."

त्या सगळ्यांतलीच एक तू, आई. तू आज असतीस तर त्यांच्या त्या यादीत डिलिव्हरीवाल्याच्या खाली तुझं नाव आलं असतं, सूप घेऊन बसणारी, पदर तोंडावर घेऊन झोपणारी. हे मला त्यांना सांगायचं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, आम्ही जायचं कुठे, ते तुम्ही सांगा. पण त्या इतक्या गोड बोलत होत्या की मी थँक्यू म्हणून उठले. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "संध्याकाळी आणा ना त्यांना. छान लायटिंग केलंय आम्ही." तू त्या माळ्याशी कशी बोललीस गं? मी ग्रॅज्युएट झाले, तीस वर्षं ऑफिसात फायली हलवल्या, आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातही जाऊन आले. तिथले क्लार्क म्हणाले, बाग आमची, पण वेळ त्यांनी ठरवलीय, त्यांना भेटा.

संध्याकाळी नेलंही तिला. खरंच छान आहे सगळं. चालायला गुळगुळीत वाट केलीय, सगळे एकाच दिशेने गोल गोल चालतात, पायांत भारी बूट, कानांत काहीतरी खोचलेलं. आम्ही चपला फटफटवत उलट्या बाजूने शिरलो. एक मुलगी "आंटी, लेफ्ट प्लीज" म्हणत वळसा घालून गेली. ताईला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती थेट हिरवळीवर गेली आणि तिने चटई अंथरली. बाप रे, केवढ्या माना वळल्या! शिट्टी वाजली. दुसरा वॉचमन होता, तरणा, हात हलवत आला. ताई दचकून उठली, पण घाबरली नाही. म्हणाली, "गिरणीचो भोंगो झालो. बापूस उठलो असतलो. चल घरी." आणि चटई गुंडाळून निघालीसुद्धा. मी तिच्यामागून चालले. हसू येत होतं. शिवाय संध्याकाळचा उपयोग काय? संध्याकाळी पोर उठून कामाला गेलेली असते. आम्हाला हवी होती ती दुपार.

एक दिवस पोर चहाचा कप घेऊन माझ्याजवळ बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, काल कॉलवर माझा डोळा लागला. टीम लीडने सगळ्यांसमोर झापलं. परत झालं ना, तर काढतील मला. मला फक्त दुपारची सलग झोप हवीय गं, बाकी काही नको." मी म्हटलं, करते काहीतरी. मग ती खाली मान घालून म्हणाली, "बदलापूरला एक जागा आहे. मी बघून आले. स्वच्छ आहे. अशा पेशंटना ठेवतात." तिच्यावर चिडायला हवं होतं, पण तिचा चेहरा बघून ते झालं नाही. आईला ठेवायला जागा शोधणारी मुलगी म्हणून तुला राग येईल. येऊ देऊ नकोस. तिने बघून येण्यासाठी तिची सुट्टी घालवली आणि परत आल्यावर बाथरूमचा नळ सोडून रडली. मी म्हटलं, मला थोडे दिवस दे, मी दुपारची सोय करते. म्हटलं खरं.

सोय म्हणजे काय, तर दोन म्हाताऱ्या मुंबईत सावली शोधत फिरायला लागल्या. देवळात गेलो तर दुपारी देव झोपलेले. त्यांना बरी शांत जागा मिळते. वरळीला समुद्रावर बसने गेलो, वारा छान, पण झाड नाही, ताईला उन्हाने चक्कर आली. मग मॉलमध्ये नेलं. गार हवा, कुणी हटकलं नाही, मला वाटलं जमलं. तोवर ताईने सरकत्या जिन्यासमोर चटई अंथरली आणि पाय पसरून बसली. मला म्हणाली, "तांदूळ घेवन ये गो, निवडूया." तिथला माणूस सूटबूट घालून आला आणि इंग्रजीत फार नम्रपणे बोलला. हल्ली सगळे नम्रच असतात. बसस्टॉपवर बसलो तर बाकच असा उतरता केलाय की घसरायला होतं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलो तर शेजारणी येताजाता विचारायच्या, घरात काही झालं का? दर दोन दिवसांनी ताई घरातच राहायची आणि श्श श्श चालू व्हायचं आणि आतून पोर उठून नुसती पलंगावर बसून राहायची, अण्णा बसायचे तशी.

मग एकदा ताईच्या गोळ्या आणायला मी तिला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेले. त्याच, जिथे तू होतीस. काम आटपून मागच्या बाजूने बाहेर पडत होतो तर ताई थांबली. तिथे आवारात एक पिंपळ आहे, त्याखाली पेशंटांचे नातेवाईक पडलेले असतात. कुठून कुठून आलेली माणसं, आत कुणीतरी आजारी आणि बाहेर हे. चटया, पिशव्या, डबे, स्टीलचे ग्लास. एक बाई लसूण सोलत होती, खोटं नाही सांगत. एकीने पदर तोंडावर घेऊन ताणून दिली होती. ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती तरातरा गेली, दोन बायकांच्या मधे तिने चटई टाकली आणि बसली. त्या बायका जरा सरकल्या. एकीने विचारलं, "कुठल्या तुम्ही?" बस्स, एवढंच. चटई टाकून झाडाखाली पडायला कुणी हरकत घेत नाही अशी जागा मला सापडली ती ही. तिथे बसायला फक्त आपलं माणूस आजारी असावं लागतं.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. ताई झोपते. मी तिच्या पदराचं टोक माझ्या ओढणीला बांधते, ती उठून कुठे गेली तर मला कळावं म्हणून. घरी पोर सलग झोपते, तिच्या डोळ्यांची सूज उतरलीय. बदलापूरचं नाव तिने पुन्हा काढलेलं नाही. तिथून वर बघितलं की तुझ्या वॉर्डाची खिडकी दिसते. तू त्या खिडकीतून याच झाडाकडे बघत म्हणाली होतीस, "माका खाली न्हे गो, झाडाबुडी." सिस्टर म्हणाल्या होत्या, सलाईन आहे, उद्या बघू. तो उद्या आला नाही. मला वाटायचं, या आवारात मी पुन्हा पाय ठेवू शकणार नाही. आता रोज दुपारी डबा घेऊन जाते.

मागच्या महिन्यात तिथली सिक्युरिटीची बाई आमच्यापाशी येऊन थांबली. हातात काठी, आवाज दमदार. म्हणाली, "मावशी, रोज बघते तुम्हाला. पेशंट कोण आहे तुमचं?" हीही जागा गेली, मनात म्हटलं, आता बदलापूर. मी तोंड उघडायच्या आत ताई उठून बसली आणि म्हणाली, "आमची आये."

"वॉर्ड कुठला?" बाईने विचारलं. ताई माझ्याकडे बघायला लागली, आपल्याला येत नसलेलं उत्तर शेजारचीला विचारावं तशी. मी सांगितलं, वर, फिमेल मेडिकल. खिडकीजवळची कॉट. तिने नाव विचारलं, मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी ते मोठ्याने उच्चारलं आणि आवाज फाटला. बाईला वाटलं, मी काळजीने रडतेय. तिने काठी बगलेत धरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतील बऱ्या," ती म्हणाली. "बसा निवांत. कुणी उठवलं तर माझं नाव सांगा." ताईने वर खिडकीकडे बघितलं. मग मला हळूच विचारलं, "आये वर आसा?" मी हो म्हटलं. ती पुन्हा आडवी झाली आणि लगेच झोपली. रोज दहादा 'आये खंय' विचारायची, त्या दिवसापासून तिने एकदाही विचारलेलं नाही.

हे सगळं लिहून काय करायचं, ते मला ठाऊक नाही. टाकायला पत्ता नाही. खोली नाही, चाळ नाही, आणि बागेच्या पत्त्यावर टाकलं तर वॉचमन बिचारा कुणाला देणार? पिशवीत चटईबरोबर घडी घालून ठेवीन.

तुला विचारल्याशिवाय एक केलंय, तेवढं सांगते. रोज दुपारी तुला मी तिथे परत दाखल करते. तू खिडकीजवळच्या कॉटवर असतेस, सलाईन चालू असतं, आणि आम्ही दोघी खाली झाडाखाली तुझ्या जिवावर बसलेल्या असतो. ती बाई रोज जाताना विचारते, कशा आहेत आई? मी म्हणते, आहे तशीच. आई, एवढ्यात बरी होऊ नकोस गं.